नाव देण्यापूर्वी पाहावे : करड्या सोंड्याची ओळख

जुन्नरच्या सभोवतालच्या डोंगरांत २०० हून अधिक बौद्ध लेणी कोरलेली आहेत. शिवनेरी, लेण्याद्री, मानमोडी आणि तुळजा ही नावे आपल्या परिसरातील प्रत्येकाच्या परिचयाची आहेत. येथील एका ब्राह्मी शिलालेखात धान्याचा व्यापार करणाऱ्यांच्या श्रेणीने सात खोल्यांचे लेणे आणि पाण्याची पोढी दान दिल्याची नोंद आढळते. लेणी राजांनीच खोदविली असे समजणाऱ्यास हा लेख वेगळाच इतिहास सांगतो. धान्य मोजणारे, बांबूचे काम करणारे, काशाची भांडी घडविणारे असे कष्टकरी लोक संघाचे आधार होते. नाणेघाटाने कोकणाशी जोडलेल्या या बाजारपेठेत धान्याला मोठे मोल होते, म्हणूनच धान्याच्या व्यापाऱ्यांची श्रेणी लेणे दान देण्याइतकी समर्थ झाली.

जेथे धान्य साठते तेथे त्याच्या मागोमाग एक जीव येतो, हे प्रत्येक घराला ठाऊक आहे. कोणी त्याला सोंडे म्हणतात, कोणी टोके. तांदूळ निवडताना सुपात धावणारा, सुमारे तीन मिलिमीटर लांबीचा, गडद तपकिरी रंगाचा हा कीटक आपण सर्वांनी पाहिलेला आहे. त्याच्या पाठीवर चार फिकट तांबूस ठिपके असतात आणि डोक्यापुढे बारीक सोंड असते. मादी या सोंडेने दाण्याला छिद्र पाडते, आत एक अंडे घालते आणि चिकट स्रावाने छिद्र बुजवून टाकते. अळी दाण्याच्या आतच वाढते. बाहेरून दाणा धडधाकट दिसतो, आत मात्र पोकळ होत असतो. प्रौढ कीटक बाहेर पडल्यावरच घरातील माणसाला नुकसान कळते.

प्रस्तुत लेखाचा विषय या घरातल्या सोंड्याचा शेतात राहणारा एक नातेवाईक आहे. तोही नुकसान नजरेआड करतो. मात्र त्याची ओळख फारच थोड्यांना आहे. शेतकरी त्याला करडा सोंडा किंवा राखी भुंगेरा म्हणतात. शास्त्रात त्याच्या प्रजातीचे नाव मायलोसेरस आहे.

कुळ आणि नाव

सोंड असलेल्या भुंगेऱ्यांचे कुळ प्राणिसृष्टीतील अत्यंत मोठ्या कुळांपैकी एक आहे. त्यातील ५०,००० हून अधिक जातींचे वर्णन आजवर झाले आहे. आंब्याच्या कोयीतील भुंगा, नारळाच्या खोडातील सोंड्या, रताळे पोखरणारा सोंडा हे सर्व याच विस्तृत गोतावळ्यातील. मायलोसेरस ही प्रजाती स्वीडनमधील कार्ल योहान शोनहेर यांनी १८२३ मध्ये स्थापन केली. शोनहेर हे रेशमाच्या कारखान्याचे मालक होते. त्यांनी आयुष्याचा मोठा भाग सोंडकिड्यांच्या वर्गीकरणात घालविला.

भारतातील सोंडकिड्यांचा पहिला सविस्तर ग्रंथ गाय मार्शल यांनी लिहिला. मार्शल यांचा जन्म १८७१ मध्ये अमृतसर येथे झाला होता. ‘फॉना ऑफ ब्रिटिश इंडिया’ या मालेतील त्यांचा खंड १९१६ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यानंतर दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेतील अभ्यासकांनी या प्रजातीवर मोलाचे काम केले. तरीही करड्या सोंड्याची जात ठरविताना अभ्यासकाला आजही मार्शल यांच्या ग्रंथाकडे वळावे लागते. आपल्या देशात या प्रजातीच्या कित्येक डझन जाती आहेत. पिकावर येणाऱ्या मोजक्या जातींचा अभ्यास झाला, परंतु बाकीच्या बहुतेक जातींच्या अळ्या कोणत्या झाडाच्या मुळांवर जगतात याची नोंदसुद्धा झालेली नाही. बोरीवर, बाभळीवर, बांधावरच्या झुडपांवर बसलेला हा साधा कीटक शास्त्राच्या दृष्टीने अजून अर्धा अनोळखीच आहे.

ओळखीची चिन्हे

करडा सोंडा पाहण्यासाठी महागडी साधने लागत नाहीत. दहापट मोठे दाखविणारे हातभिंग, एक पांढरे फडके आणि थोडी सावधगिरी पुरेशी आहे. वांग्याच्या, भेंडीच्या किंवा जास्वंदीच्या झाडाखाली फडके धरावे आणि फांदी अलगद हलवावी. संकटाची चाहूल लागताच हा कीटक पाय आखडून खाली पडतो आणि मेल्याचे सोंग घेतो. फडक्यावर पडलेला दाणा थोड्या वेळाने चालू लागला, तर तो निरखून पाहावा.

प्रथम सोंड पाहावी. धान्यातील सोंड्याची सोंड लांब व बारीक असते. करड्या सोंड्याची सोंड आखूड व रुंद असते, इतकी की घाईने पाहणाऱ्यास ती सोंड आहे हेच कळत नाही.

मग शृंगिका पाहाव्यात. त्या कोपरासारख्या वाकलेल्या असतात. त्यांचा पहिला भाग लांब आणि टोक गदेसारखे फुगीर असते. शृंगिका ज्या खोबणीतून निघतात ती खोबण सोंडेच्या वरच्या बाजूस असते आणि वरून पाहतानाही दिसते.

यानंतर डोळ्यामागची जागा तपासावी. काही सोंडकिड्यांत डोळ्याच्या मागे, वक्षाच्या पुढच्या कडेला, बारीक केसांची झालर असते. मायलोसेरसमध्ये ही झालर नसते.

पाठीवरील कठीण कवचपंख वक्षापेक्षा रुंद असतात, त्यामुळे कीटकाला ठळक खांदे असल्यासारखे दिसतात. कवचपंखांवर टिंबांच्या सरळ ओळी असतात. संपूर्ण शरीर करड्या, पांढुरक्या किंवा हिरवट खवल्यांनी झाकलेले असते. कीटकाची लांबी जातीनुसार बदलते. पिकांवर नेहमी आढळणाऱ्या जाती साधारण पाच ते आठ मिलिमीटरच्या असतात.

शेवटी पाय पाहावेत. बहुतेक जातींत मांडीच्या खालच्या कडेला बारीक दात असतात. पायाच्या टोकाच्या दोन नख्या मुळाशी एकमेकींना जोडलेल्या असतात. हे चिन्ह पाहण्यास भिंग आणि धीर दोन्ही लागतात, परंतु ओळख पक्की करण्यास ते अत्यंत उपयोगी आहे.

रंगावर मात्र कधीही विसंबू नये. खवले घासून निघतात आणि त्यांच्याखालचे काळे अंग उघडे पडते. त्यामुळे एकाच जातीचे दोन कीटक वयानुसार अगदी निराळे दिसतात. मायलोसेरस अनडेसिमपुस्टुलेटस या जातीच्या नावाचा अर्थ ‘अकरा ठिपक्यांचा’ असा आहे. परंतु जुन्या, झिजलेल्या कीटकावर ठिपके मोजू गेल्यास अकरा भरतीलच असे नाही. म्हणून एका चिन्हावरून निर्णय न देता सर्व चिन्हे जुळतात की नाही, हे पाहावे लागते.

येथे सुत्तनिपातातील वासेट्ठ सुत्ताचे स्मरण होते. मनुष्य जन्माने श्रेष्ठ ठरतो की कर्माने, या वादात पडलेले वासेट्ठ आणि भारद्वाज हे दोन तरुण बुद्धांकडे जातात. बुद्ध त्यांना प्रथम गवताकडे व झाडांकडे पाहावयास सांगतात, मग कीटक, पतंग आणि मुंग्यांकडे, मग पशू, सर्प, मासे व पक्षी यांच्याकडे. या सर्वांत जन्मजात चिन्हे आहेत, म्हणून त्यांच्या जाती वेगळ्या आहेत. माणसांच्या केसांत, डोळ्यांत, हातापायांत मात्र अशी वेगळी जात दाखविणारे कोणतेही चिन्ह नाही, असे बुद्ध स्पष्ट करतात. प्राणिशास्त्रात ‘जाती’ हा शब्द वापरताना आपल्या समाजातील मुलांना तो खुपतो, हा शिक्षक म्हणून माझा अनुभव आहे. त्यांना मी हेच सांगतो की सोंड्याची जाती त्याच्या नख्यांवर व मांडीवर लिहिलेली असते आणि कोणीही भिंग घेऊन ती तपासू शकतो. माणसाच्या अंगावर असे काहीही लिहिलेले नाही. मनुष्य ही एकच जाती आहे. ज्याने कीटकाची चिन्हे प्रामाणिकपणे तपासली, त्याला माणसांतील खोटा भेद अधिक स्पष्टपणे दिसतो.

फसविणारे सोबती

ओळख करून घेताना तीन कीटकांपासून सावध राहावे. गहू व हरभऱ्याच्या कोवळ्या रोपांवर येणारा टॅनिमेकस हा मातकट सोंडा दिसण्यास फार जवळचा आहे, पण त्याच्या डोळ्यामागे केसांची झालर असते. माठाच्या खोडात गाठी निर्माण करणारा सोंडा लांबट अंगाचा व लांब सोंडेचा असतो. वांग्यावरील एपिलॅक्ना हा भुंगेरा तर सोंडकिडाच नाही. तो तांबूस, गोलसर व काळ्या ठिपक्यांचा असतो आणि पानाचा हिरवा भाग खरवडून पानाची जाळी करतो. करडा सोंडा जाळी करीत नाही. तो पानाच्या कडेपासून आत कुरतडतो, त्यामुळे कडा करवतीसारख्या खाचदार दिसतात. कीटक सापडला नाही तरी पानावरच्या या खुणेवरून त्याची चाहूल लागते.

मातीखालचे आयुष्य

प्रौढ सोंडा पानावर राहतो, त्याचे बालपण मात्र मातीत जाते. वांग्याशी संबंधित सबफॅसिएटस, डिस्कलर आणि व्हिरिडॅनस या जातींच्या माद्या झाडाजवळच्या मातीत अंडी घालतात. अनडेसिमपुस्टुलेटस या जातीच्या अभ्यासात एका मादीने २४ दिवसांत सुमारे ३६० अंडी घातल्याची नोंद आहे. तीन ते पाच दिवसांत अंडी फुटतात. बाहेर पडलेली अळी जमिनीत शिरून एक ते दोन महिने मुळे खाते आणि मातीच्या लहानशा घरट्यात कोष करते. नव्याने जन्मलेल्या प्रौढाच्या जबड्यावर एक टोकदार जोड असते. तिच्या साहाय्याने तो मातीतून वाट काढतो. पुढे ही जोड गळून पडते आणि जबड्यावर तिचा व्रण राहतो. भिंगाखाली हा व्रण पाहिला की या जिवाने किती अंधारातून वर चढून पाने गाठली, हे ध्यानात येते.

अळीचीही ओळख आवश्यक आहे. ती पांढरट, किंचित वाकलेली आणि तपकिरी डोक्याची असते. पुष्कळ जण तिला हुमणी समजतात. भेद अगदी सोपा आहे. हुमणीला पुढच्या बाजूस पायांच्या तीन जोड्या असतात आणि ती आकाराने बरीच मोठी होते. सोंड्याच्या अळीला एकही पाय नसतो.

महावग्गात वर्षावासाच्या नियमामागील कारण दिलेले आहे. पावसाळ्यात भिक्खू फिरत राहिले तर हिरवे गवत आणि असंख्य लहान जीव तुडविले जातात, अशी लोकांची तक्रार होती. म्हणून बुद्धांनी पावसाळ्यात एका जागी राहण्याचा नियम घालून दिला. भिक्खूंनी जमीन खणू नये असाही विनयाचा नियम आहे. जुन्नरच्या लेण्यांतील दगडी बाकांवर ज्यांनी वर्षावास केला, त्यांना पावसात जागी होणारी ही मातीतली सृष्टी महत्त्वाची वाटत होती. शेतकऱ्याला जमीन खणावीच लागते. परंतु आपण कोणाच्या घरात कुदळ घालतो आहोत, हे जाणून घेण्याची सवय त्यालाही उपकारक आहे.

झाड कोमेजते तेव्हा

जुन्नर व आंबेगाव तालुक्यांचा पश्चिम भाग सह्याद्रीच्या मुसळधार पावसाचा आणि भाताचा. पूर्वेकडे अणे पठार, बेल्हे, लोणी, धामणी या बाजूस पाऊस झपाट्याने कमी होतो. मधल्या पट्ट्यात कुकडी, मीना आणि घोड नद्यांच्या पाण्यावर भाजीपाला पिकतो. अशा भाजीच्या मळ्यात वांग्याचे झाड भर दुपारी माना टाकते. संध्याकाळी सावरते, दुसऱ्या दिवशी पुन्हा कोमेजते आणि अखेर वाळते. ‘मर लागली’ असे म्हणून दुकानातून बुरशीनाशक आणले जाते. पानांच्या कडा खाल्लेल्या दिसल्या, तर सोबत कीटकनाशकही येते. फवारणी पानांवर होते आणि मुळे खाणारी अळी मातीत सुरक्षित राहते.

अशा वेळी फवारणीपूर्वी एक कोमेजलेले झाड मुळासकट, आजूबाजूच्या मातीच्या ढेकळासह उपटावे. मुळांवर गाठीच गाठी असतील, तर सूत्रकृमीचा प्रादुर्भाव आहे. खोडाचा तुकडा कापून स्वच्छ पाण्याच्या पेल्यात धरल्यावर त्यातून दुधाळ धागा उतरू लागला, तर जिवाणूजन्य मर आहे. मुळांवर मातीचे बोगदे असतील, तर वाळवी आहे. केवळ शेंडा मान टाकत असेल आणि बाकीचे झाड ताजे असेल, तर शेंडा व फळ पोखरणारी अळी आहे. बारीक मुळे कुरतडलेली असतील, मोठ्या मुळांची साल खाल्लेली असेल आणि मातीत बिनपायाची पांढरट अळी सापडली, तर तो करडा सोंडा आहे. कोमेजणे हा परिणाम पाचही ठिकाणी दिसतो, पण कारणे पाच आहेत आणि उपायही निरनिराळे आहेत. प्रतीत्यसमुत्पादाचा सिद्धांत वर्गात शिकविताना मला यापेक्षा सुबोध उदाहरण सापडलेले नाही.

चुकीच्या नावाची किंमत कोण चुकविते, हा प्रश्न आपल्या वाचकांना विशेष जवळचा आहे. औषधाचे पैसे शेतकऱ्याचे जातात. फवारणीचा पंप मात्र पुष्कळदा मजुराच्या पाठीवर असतो. आपल्यातील कितीतरी कुटुंबे आजही दुसऱ्याच्या शेतावर राबतात. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कापसावर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी व शेतमजूर मृत्युमुखी पडले. ती दुर्घटना अनेक कारणांनी घडली. परंतु तिने एक गोष्ट सर्वांसमोर आणली : अनावश्यक फवारणीचा पहिला बळी पंप वाहणारे शरीर असते. जी फवारणी मुळाशी पोहोचणारच नाही, ती टाळणे हा केवळ खर्चाचा विषय नाही. त्यात एका माणसाच्या श्वासाचा प्रश्न आहे.

काय करता येईल

वांग्यानंतर त्याच जमिनीत पुन्हा वांगे घेऊ नये, म्हणजे मातीतील अळ्यांना सलग अन्न मिळत नाही. लागवडीपूर्वीच्या शेवटच्या मशागतीत निंबोळी पेंड मिसळण्याची शिफारस कृषी संशोधकांनी केली आहे. मेटारायझियमसारख्या उपयुक्त बुरशी आणि कीटकांवर जगणारे सूत्रकृमी हे जैविक उपायही मातीतच काम करतात. परसबागेत सकाळच्या वेळी फांद्या हलवून पडलेले सोंडे साबणाच्या पाण्यात गोळा करता येतात. आपल्या जमिनीस कोणता उपाय किती प्रमाणात योग्य, हे नारायणगाव येथील कृषी विज्ञान केंद्रात विचारावे. जाताना झाडाचे मूळ, ढेकूळ आणि सापडलेली अळी डबीत घेऊन जावे. पुरावा हाती असला की सल्ला अचूक मिळतो.

रोपांबरोबर आपण मातीही नेतो, याचे भान ठेवावे. मार्शल यांनी १९१६ मध्ये श्रीलंकेतून वर्णन केलेला या प्रजातीचा एक सोंडा २००० साली अमेरिकेच्या फ्लोरिडा राज्यात आढळला. तेथे आज १५० हून अधिक प्रकारच्या वनस्पतींवर त्याची नोंद आहे. समुद्रापलीकडे जाणारा कीटक एका मळ्यातून दुसऱ्या मळ्यात जाण्यास किती वेळ घेणार? रोपवाटिकेतून रोपे आणताना मुळांकडे एकदा पाहून घेणे हिताचे.

माजी विद्यार्थ्यांना आणि पालकांना एक विनंती आहे. येत्या पावसाळ्यात आपापल्या गावी बोरीच्या, भेंडीच्या किंवा वांग्याच्या झाडाखाली पांढरे फडके धरून पाहावे. करडा सोंडा आढळल्यास तारीख, गाव, झाडाचे नाव, कीटकांची संख्या आणि पानावरील खुणा एका वहीत लिहून ठेवाव्यात. शक्य असल्यास मोबाइलने वरून, बाजूने आणि पायांचे अशी तीन छायाचित्रे घ्यावीत. वही शाळेच्या ग्रंथालयात जमा झाली, तर कोरड्या अणे पठारापासून ओल्या भीमाशंकरपर्यंत कोणती जाती कोठे राहते, याची नोंद आपल्या मुलांच्या हातून तयार होऊ शकेल. पुण्यात आकुर्डी येथे भारतीय प्राणी सर्वेक्षण संस्थेचे पश्चिम विभागीय केंद्र आहे. पुरेशा नोंदी झाल्यावर त्या तेथील तज्ज्ञांपुढे ठेवता येतील.

ज्ञानाची दारे ज्या समाजाला शतकानुशतके बंद होती, त्या समाजातील मुलाने भिंग हाती घेऊन एखाद्या दुर्लक्षित जिवाची पहिली नोंद करावी, यात बाबासाहेबांना अपेक्षित असलेल्या प्रज्ञेचा अर्थ आहे. धान्याच्या व्यापाऱ्यांच्या श्रेणीने आपले दान दगडावर कोरून ठेवले, म्हणून दोन हजार वर्षांनंतर आपण ते वाचू शकतो. आपल्या नोंदींना डोंगर नको. दोनशे पानांची वही, पेन्सिल आणि तारीख लिहिण्याची शिस्त एवढे पुरेसे आहे. पुढील स्नेहमेळाव्यास येताना ती वही सोबत आणावी.

जय भीम! नमो बुद्धाय!